खुणेखाली दोन बोटं

उस्ताद, येत्या सोमवारपासून तुमचं काम मला करायचं आहे. कचेरीतून कागद आला. पैनगंगेच्या उतारांवर, नदी ओलांडायच्या घाटांवर, जे कोणी नावा चालवतात त्यांनी पावसाळ्याआधी पंधरा दिवस शिकून घ्यावं, आणि शिकवणार कोण, तर मी. अकरा जणांची नावं कागदावर आहेत. मागच्या साली पलीकडची मोगलाई संपली, दोन्ही काठ एका देशात आले, तेव्हापासून माणसांची ये-जा वाढली आणि तिच्याबरोबर नावाही वाढल्या. ज्याच्या हाती नाव रेटायचा बांबू आला तो नावाडी झाला. कागद येऊन आठ दिवस झाले आणि आठ दिवस मी एका जागी बसलेलो नाही. बायको म्हणते, "अंगात काय भरलं तुमच्या? बसा ना एका ठिकानी." मी बसतो, चार ओळी लिहितो, पुन्हा उठून नदीवर जाऊन येतो. तुम्ही बोलायचात आमच्यासारखी वऱ्हाडीच, पण वाचायचात उर्दू. म्हणजे तुम्ही असतात तरी हे कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि ते मला चाललं नसतं. म्हणून आता लिहितो आहे, तुम्हाला मातीआड होऊन इतकी वर्षं झाल्यावर.

मी तुमच्याकडे कसा आलो हे तुम्हाला ठाऊक होतं, पण पुरतं नाही. माझ्या बापाची नाव उलटली तो अनसिंगच्या बाजाराचा दिवस होता. दिवस मावळायला आलेला, काठावर माणसं, टोपल्या, एक कालवड, आणि प्रत्येकाला याच खेपेला जायचं होतं. बा म्हणाला, बसा. तो कुणालाही नको म्हणायचा नाही, तसा त्याचा स्वभावच नव्हता. अर्ध्या नदीत कालवड बुजली, माणसं एका अंगाला सरकली आणि नाव पालथी झाली. बाकीचे पाण्याबाहेर निघाले. एक म्हातारा आणि बांगड्या विकणारी एक कासारीण तेवढी निघाली नाहीत. दुसऱ्या दिवशी बांगड्यांचे तुकडे वाळूत सापडत होते आणि बा ते एकेक वेचून धोतराच्या सोग्यात बांधत होता. त्यानंतर तो कधी नावेत चढला नाही. कचेरीचा हुकूम आला, की आता नाव चालवायची तर नाव सांभाळण्याचं शिक्षण घेतल्याचा कागद दाखवावा लागेल. बा म्हणाला, "सात पिढ्या आमी ह्या नदीवर. आता कचेरी शिकवते का आमाले?" पण आवाजात जोर नव्हता. मग माय माझ्याकडे वळून म्हणाली, "तू जाय."

जाय म्हणणं सोपं होतं. जायचं कुठं हे कुणालाच माहीत नव्हतं. पाटील म्हणाले वाशीम. वाशीमला मी पायी गेलो. तिथं ज्या कारकुनाला विचारलं त्यानं कपाळाला आठ्या घातल्या आणि सांगितलं, असा कोणी शिकवणारा कारंजाला असेल, तिथं मोठी माणसं आहेत. कापसाच्या गाडीवर बसून मी दोन दिवसांनी कारंजाला पोचलो. बाजारात ज्याला त्याला विचारत सुटलो की इथं नाव चालवायला कोण शिकवतं. एका अडत्यानं गादीवर बसल्या बसल्या मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "बावा, इथं कापूस हाय, ज्वारी हाय, देवळं हायत. नाव कायले शोधून राह्यला?" सगळे हसले. मी परत वाशीमला आलो, त्याच कचेरीसमोर झाडाखाली बसलो, आणि कळशी घेऊन चाललेल्या एका बाईला सहज विचारलं. ती म्हणाली, "तो लढाईवरून आलेला कल्हईवाला काय? मागच्या गल्लीत तं हाय." कचेरीच्या मागच्या भिंतीपासून तुमचं दुकान पन्नास पावलांवर होतं, उस्ताद. त्या पन्नास पावलांसाठी मी आठ दिवस फिरलो.

तुम्ही भाता मारत होतात. पातेल्यात नवसागराचा धूर उठला होता आणि त्या धुरात तुमचे डोळे लाल झाले होते. मी कशासाठी आलो ते सांगितलं तेव्हा तुम्ही भाता थांबवला नाही. म्हणालात, "तीन महिने झाले मले हुकूम येऊन. तू पयलाच. बाकीचे पोहून जाते वाटते." मग पातेलं पुसून उलटं ठेवलंत आणि विचारलंत, "काहून आला? कागदासाठी का शिकासाठी?" मी खरं सांगितलं, कागदासाठी. तुम्हाला राग येईल असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "बरं हाय. निदान खोटं नाई बोलत."

हे वाक्य मला पुढं फार टोचलं. ते का ते येईलच.

आणखी चार दिवसांनी आम्ही तिघं झालो. मी, पूस नदीकाठचा एक पोक्त नावाडी आणि पाण्याला भिणारा एक पोलीस शिपाई. त्याला साहेबानं जबरदस्तीनं पाठवला होता. गावाबाहेरच्या तळ्यावर आपण सकाळी जमतो आहोत. तुम्ही तहमत वर खोचून कमरेएवढ्या पाण्यात उभे आहात आणि चांगली सरळ नाव आम्हाला हातानं पालथी करायला लावता आहात. शिपाई कलमा म्हणावा तसा मारुतीचं नाव घेतो आहे. "नाव उलटली तं पोहू नको, नावेले धर. लाकूड बुडत नाई, तू बुडतं." बसऱ्याकडच्या नदीवर तुमची पलटण नावांचे पूल बांधायची. तिथं पोहता येणारे जवान काठाकडे पोहत निघाले आणि गेले, आणि न पोहता येणारे नावेला लटकून राहिले ते वाचले, हे तुम्ही आम्हाला दोनदा सांगितलंत. दोन्ही वेळा सांगून झाल्यावर तळ्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहत राहिलात. बुडणाऱ्याकडे समोरून जायचं नाही, मागून जायचं. आधी दोर फेकायचा, मग बांबू पुढं करायचा, आणि काहीच नाही जमलं तरच अंग पाण्यात टाकायचं. माणसं नजरेनं मोजायची नाहीत, खांद्याला हात लावून मोजायची. नावेच्या अंगावर डांबराची रेघ मारायची आणि ती पाण्याखाली गेली की उरलेला माणूस काठावर. घाटावरच्या दगडावर चुन्याची खूण करायची आणि पुराचं पाणी तिला लागलं की नाव बांधून ठेवायची, कोणीही येवो. हे सगळं मला येत गेलं. तुम्ही मान हलवायचात, शाबास कधी म्हणाला नाहीत.

शेवटच्या दिवशी तुम्ही सोंगं घेतलीत. आम्ही एकेक जण नावेत उभे, नाव भरलेली आहे असं समजायचं, आणि तुम्ही काठावरून येणार. आधी काठी आपटत देशमुख झालात. शिपायानं लगेच सलाम ठोकून जागा करून दिली. तुम्ही कपाळाला हात लावला. मग नवरदेवाचा बाप झालात, पूसकाठच्या नावाड्यानं तुम्हाला निम्म्या वऱ्हाडासकट आत घेतलं. माझ्या वेळी तुम्ही डोक्यावरून उपरणं ओढलंत, पाठीत वाकलात आणि म्हातारी झालात. "एकच खेप, बेटा. माही लेक पलीकडं हाय. मले तिचं तोंड पाहू दे. एकच खेप." आम्ही हसत होतो. तुम्ही मात्र हसत नव्हतात, तुमच्या डोळ्यांत पाणी आलेलं होतं आणि ते धुराचं आहे की खरं, हे मला कळेना. मी हात पुढं केला आणि म्हणालो, "ये माय, बस." तुम्ही उपरणं काढून माझ्या तोंडावर फेकलंत. "मेले. सगळे मेले. तुही मायबी मेली आन् हे बी मेली. नाव सांभाळनं तुले येते. नाई म्हननं येत नाई. तुले कागद नाई भेटत." त्या दोघांना कागद मिळाला. मला नाही. मी रागानं काळानिळा झालो होतो. त्या दोघांनीही सोंगाला होकारच दिला होता की! बोललो तसं. तुम्ही म्हणालात, "ते भितीनं हाव म्हनले. त्यायले उद्या दुसरी भिती घातली तं नाई म्हनतीन. तू मनापासून म्हनला. तुहा इलाज येगळा हाय."

दोन दिवस जास्तीचे. दोन दिवस तुम्ही दुकान बंद ठेवून माझ्यासमोर विधवा, आजारी, भिकारी, बाळंतीण, सगळं झालात. दुसऱ्या दिवशी दुपारी मी नावेतून उतरलो, बांबू खांद्यावर टाकला आणि चालू लागलो. तुम्ही मागून ओरडलात, "हाव! आता शिकला! बांबूच उचलून न्यायचा!" निघताना कागदाबरोबर रॉकेलचे चार डबे दिलेत, तोंडं झाळून हवाबंद केलेले, कड्या लावलेले, नावेच्या दोन्ही अंगांना बांधायला. पालथी झाली तरी धरायला काहीतरी राहील म्हणून. बानं ते डबे हातात घेऊन वाजवून पाहिले आणि स्वतः बांधले. एकेक गाठ तो तीन तीनदा ओढून पाहत होता.

तीन पावसाळे सरळ गेले. लोकांनी मला शिव्या दिल्या, बाजारातून तोंड फिरवलं, एका लग्नाचं बोलावणं आलं नाही. पण कुणी बुडालं नाही.

आता ती दुपार. भादवा. वर कुठंतरी मोठा पाऊस पडला होता आणि नदी तांबडी होऊन आली होती. गवताचे भारे, फांद्या, एक अख्खी बाभूळ मुळांसकट समोरून गेली. तिच्या मुळ्या वर-खाली होत होत्या. खूण अजून कोरडी होती. पाणी तिच्या खाली दोन बोटं होतं. मी वाकून बोटं लावून पाहिली होती, म्हणून सांगतो, दोन. तेवढ्यात भाड्याची बैलगाडी आली आणि तुम्ही उतरलात. बगलेत फडक्यात बांधलेली लहान लहान भांडी होती, नवी कल्हई केलेली. लेक पलीकडं मोगलाईत दिलेली आहे हे तुम्ही शिकवताना कधी सांगितलं नव्हतं. आत्ता सांगितलंत. बाळंत झाली, मूल गेलं, तिला ताप चढला आहे, सांगावा येऊन एक दिवस झाला. तुमचे डोळे तोवर बरेच अधू झाले होते. काठावर उभे राहून तुम्ही पाण्याकडे पाहिलंत, दगडाकडे पाहिलंत, आणि मलाच विचारलंत, "खुनेले लागलं काय?"

मी म्हणालो, "हाव उस्ताद. लागलं."

का म्हणालो? आठ दिवस हेच चालू आहे डोक्यात. खूण कोरडी होती, नाव रिकामी होती, माणूस एक होता, तोही पाण्यातला मुरलेला. तुमच्या नियमानं ती खेप व्हायला हवी होती. पण ती बाभूळ मी पाहिली होती, आणि ती गेल्यापासून मला नदीत बांगड्या दिसत होत्या. भ्यालो असं म्हणता आलं असतं. तुमच्यापुढं ते म्हणवलं नाही. नियम तयार होता, मी तो पुढं केला.

तुम्ही आधी मान डोलावलीत, शिकवल्यासारखी. खाली बसलात. मग उठलात. "पानी कमी होऊन राह्यलं का?" "नाई." "मीच घेऊन जातो. तू नको येऊ." "नाई उस्ताद." तुम्ही नावेचा दोर सोडायला वाकलात. मी बांबू उचलला आणि मायच्या हातात दिला, आणि माय तो घेऊन घराकडे गेली. तेव्हा तुम्ही माझ्या थोबाडीत मारलीत. आणि लगेच तोच हात माझ्या हनुवटीला लावून म्हणालात, "एकच खेप, बेटा. माही लेक पलीकडं हाय. मले तिचं तोंड पाहू दे." शब्द तेच होते. एक क्षण, देवाशपथ, मला वाटलं की अजून परीक्षाच चालू आहे, आता तुम्ही पाठ सरळ कराल आणि म्हणाल, शिकला. तुम्ही पाठ सरळ केली नाहीत. मी तिथंच उभा राहिलो. तासाभरात पाणी चढलं, खूण बुडाली, दगड बुडाला. म्हणजे माझं खोटं तासाभरात खरं झालं. पण त्या तासात एक खेप झाली असती. मग वाटतं, नसती झाली, तशीच एखादी बाभूळ आली असती. मग वाटतं, झाली असती. मी उठतो, नदीवर जातो, त्या जागी पाणी पाहतो, परत येतो.

मायनं भाकरी आणि पिठलं आणलं. तुम्ही ताटाला हात जोडलेत आणि खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खूण पुन्हा दिसली आणि मी तुम्हाला घेऊन निघालो. पलीकडे गाडी घेऊन एक माणूस उभा होता, तुमच्या जावयाचा भाऊ असावा. त्याचा चेहरा पाहून तुम्ही गुडघाभर पाण्यातच उतरलात. तो म्हणाला, "काल—" आणि पुढचं मी ऐकलं नाही, कारण मी बांबू रेटून नाव मागं घेतली होती.

आठ दिवसांनी तुम्ही परत आलात. मी खालमानेनं नाव चालवत होतो. अर्ध्या नदीत तुम्ही वाकून डाव्या अंगाच्या डब्याला हात लावलात, हलवून पाहिलात, कान लावलात. म्हणालात, "हा डबा गळून राह्यला. पानी शिरलं. आनून दे दुकानात, झाळून देतो." एवढंच. काठावर उतरून, मागं न पाहता चालत गेलात. तो डबा घेऊन मी यायला हवं होतं, उस्ताद. मी वाशीमला जाणाऱ्या एका तेल्याच्या हाती तो पाठवला. चार दिवसांनी नीट झाळून परत आला, वर एक कडी जास्तीची. तेल्याला मी विचारलं, काही म्हणाले का? तो म्हणाला, "तो काहून नाई आला, असं इचारलं." त्या पावसाळ्यानंतर मी दोनदा वाशीमला गेलो आणि दोन्ही वेळा तुमची गल्ली टाळून गेलो. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेल्याचं कळलं. तेही चार दिवस उशिरा.

सोमवारी अकरा जण येतील. नाव पालथी करायला शिकवीन, दोर फेकायला शिकवीन, डांबराची रेघ, चुन्याची खूण, सगळं. सोंगं मला घेता येत नाहीत, पण म्हातारी होऊन उभा राहीन. कुणी बांबू उचलून चालू लागला तर त्याला शाबास म्हणेन की नाही, हे अजून ठरत नाही. तुमचा नियम चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. ह्या उतारावर एवढ्या वर्षांत कुणी बुडालं नाही ते त्याच्यामुळंच. फक्त त्या अकरा जणांना आणखी एक सांगायचं आहे, की भ्यालात तर भ्यालो म्हणा, आणि ते सांगताना त्यांनी विचारलं, तुम्ही कधी भ्याले काय, तर मी काय म्हणू?

ज्या गावी तुमची लेक दिली होती तिथली माणसं दर आठवड्याला माझ्या नावेत बसतात. आमच्या घाटाला डोह आहे, उन्हाळ्यातही नाव लागते. त्या गाडीवाल्याचं ते "काल" म्हणजे कधी, सकाळी की तिन्हीसांजेला, हे त्यांच्यातल्या कुणालाही विचारता येईल. सकाळी गेली असेल तर तुम्ही घाटावर आलात तेव्हा सगळं संपलेलंच होतं. सांजेला गेली असेल तर तुम्ही पोचला असतात. एवढ्या वर्षांत मी विचारलं नाही. परवा त्या गावचा एक म्हातारा एकटाच होता, तुमच्या व्याह्यांच्या गल्लीतला. अर्ध्या नदीत मी बांबू थांबवला. तो माझ्याकडे पाहू लागला. मी विचारलं, "औंदा आंबा कसा हाय तुमच्याकडं?"

तो म्हणाला, "बरा हाय." आणि मी नाव पुढं घेतली.